आवणीला वाकतात तसं

“वाक, बेटा. हात खाली सोड,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि अंजनी वाकली. विठाने तोंड खिडकीकडे फिरवलं. लेकीची उघडी पाठ बघायचा धीर तिला झाला नाही.

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, बराकीच्या एका खोलीत मीरचंदानी डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. मांजर्लीहून मायलेकी सकाळीच येऊन बसल्या होत्या.

गोष्ट उघडी पडली ती भाताच्या आवणीत. पाऊस उघडला म्हणून अंजनीने पाठीवरचं इरलं काढलं आणि रोपं लावायला वाकली. बांधावरून शेजारच्या बनूबाईने पाहिलं, पोरीच्या पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर आलेली. बनूबाईच्या जिभेला हाड नाही. दिवेलागणीपर्यंत गावभर झालं, आणि कारणंही ज्याच्या त्याच्याकडे तयार होती. विठाला त्यातलं एकच लागलं. लहानपणी सदान्‌कदा डाव्या कडेवर घेऊन हिंडली, आईनेच पोर वाकवली! तेव्हापासून तिने अंजनीला ना शेतात नेलं, ना शाळेत पाठवलं. खिदळणारी चौदा वर्षांची पोर चुलीपाशी मुकी होऊन बसली.

“कणा वळलाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वळता वळता थोडा फिरलाय, म्हणून बरगड्या एका बाजूला वर दिसतात.”

विठा खिडकीकडून वळली. “बाय, चूक माजी हाय. मीच हिला एका कडंवर...”

“अरे माई, कडेवर घेऊन कणा वाकडा झाला असता, तर आधा हिंदुस्थान वाकडा चालला असता! हे का होतं ते आम्हालाही धड ठाऊक नाही. कधी कधी घराण्यात असतं. तुमच्याकडे कुणाला आहे?”

“कुनाला नाय.”

“तुमची पाठ?”

“माजी?” विठाला एवढ्यातही हसू आलं. “माजी पाट्यावानी सपाट हाय.”

“वाका बघू. आवणीला वाकतात तसं.”

दार आधीच लावलेलं होतं. विठाने लाजत पदर सोडला, चोळी वर सरकवली आणि वाकली. पाठीवरून खाली येणारा डॉक्टरीणबाईंचा तळहात मध्येच थांबला.

“अंजनी, इकडे ये. हात लाव.”

लेकीचा गार हात पाठीला लागला. “आये,” अंजनी म्हणाली, “तुजीबी उजवी बाजू वर हाय!”

“काय बोलतेस?” विठाने जमिनीकडे बघतच विचारलं.

“खरंच! माज्यावानी!”

विठा हळूच म्हणाली, “म्हंजे मीच दिलं म्हनायचं.”

“नाक-डोळे पण तुम्हीच दिलेत ना?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ऐका. मुलगी वाढतेय तोवर बाक वाढू शकतो, म्हणून दर चार महिन्यांनी मला दाखवायचं. फारच वाढला तर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवीन, तिथे प्लॅस्टर घालतात. अंगाची वाढ थांबली, की बहुतेकांचा बाकही थांबतो. तोवर शाळा, शेत, खेळ, सब कुछ चालू. पोरीला घरात कोंडायचं नाही.”

“आनि लगीन? पोरंबाळं?”

“तुम्हाला किती मुलं?”

“पाच,” विठा म्हणाली. मग तिचं तिलाच काय ते कळलं. पाच बाळंतपणं, डोक्यावर नदीचं पाणी, लग्न झाल्यापासूनची प्रत्येक आवणी, सगळं याच पाठीने केलं होतं आणि एकदाही कुणाला कळलं नव्हतं. तिच्या उरावरचा धोंडा उतरला. डोळ्यांतून पाणी आलं ते वाकल्यामुळे सरळ फरशीवर पडलं.

अंजनी बोटाने आईचा कणा चाचपत होती. मानेपासून खाली, पुन्हा वर. वळणापाशी बोट आलं, की ती खुदकन हसायची.

“उठा आता, माई. झालं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

विठा उठली नाही.

“ऱ्हाऊ द्या जरा, बाय,” ती म्हणाली. “पोरीला नीट बघू दे.”