तळघरातली चार वर्षं

"मग तुम्ही वेगळे झालात कधी?" मध्यस्थीला बसलेल्या फ्रीसनबाईंनी पुन्हा विचारलं.

"चार वर्षं झाली. मी तळघरात राहायला गेलो तेव्हा," मायरन म्हणाला.

"काहीतरीच! या ऑक्टोबरात, हा सामान उचलून बहिणीकडे गेला तेव्हा," आर्लीन म्हणाली.

बाकी सगळं वाटून झालं होतं. घर विकलं होतं. तळ्याकाठची केबिन त्याला, गाडी तिला. डीप फ्रीजरमधलं हरणाचं मांससुद्धा दोघांनी स्वयंपाकघरात उभं राहून, न भांडता, पिशव्यांत भरलं होतं. राहिलं होतं मायरनचं पोटॅश या खताच्या खनिजाच्या खाणीतल्या नोकरीचं पेन्शन. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, पण लग्न काही केलं नाही. लग्नाची तारीख नव्हतीच, आता मोडल्याचीही सापडेना.

लग्न नसलं तरी जेवढी वर्षं एकत्र, तेवढ्या वर्षांचं पेन्शन अर्धं अर्धं, असा सरळ कायदा. तळघरातली चार वर्षं धरायची की सोडायची, एवढ्यावरच घोडं अडलं होतं. नेमका त्याच काळात मायरन फोरमन झाला होता, त्यामुळे पैसा खरा त्या वर्षांचाच होता. आर्लीनला स्वतःचं पेन्शन नव्हतं. बर्फावर कर्लिंग खेळतात त्या रिंकवर सूप आणि बर्गर करणाऱ्या बाईला कोण पेन्शन देतं? ती चार वर्षं धरली तर गावात भाड्याची का होईना, स्वतःची जागा. नाही तर विनिपेगला मुलीच्या सोफ्यावर.

"या चार वर्षांत जेवण कोण करायचं?" बाईंनी विचारलं.

"मीच. याचं ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायचे."

"कुत्र्याला ठेवतात तसं," मायरन म्हणाला.

"कुत्रं निदान शेपूट तरी हलवतं."

"आणि कपडे?"

"धुवायचं यंत्र खालीच होतं. त्यामुळे हिचेसुद्धा मीच..." मायरन बोलता बोलता थांबला. वकिलाने इतकं पढवून पाठवलं होतं, आणि जीभ घसरलीच.

आर्लीनने संधी सोडली नाही. "आणि बाई, थंडीत माझ्या गाडीला रोज रात्री इंजिन गरम ठेवायची विजेची वायर कोण जोडायचं, तेही विचारा."

"नसती जोडली तर सकाळी इंजिन गोठलं असतं. मग शिव्या कोणाला? मलाच!"

"शिव्या द्यायला तरी आपण एकमेकांशी बोलत होतो का रे?"

खिडकीखालचा हीटर खडखडत होता. फ्रीसनबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. दिवसभर लोकांची मोडलेली घरं मोजून त्याही कंटाळल्या होत्या.

"जेवण, कपडे, वायर, सगळं राहू द्या. संपलं असं कोणी कोणाला सांगितलं होतं का? मायरन, तुम्ही?"

"नाही." तो जॅकेटच्या चेनशी चाळा करत राहिला. "मला रात्रपाळी लागली होती. पहाटे आल्यावर हिची झोप मोडायला नको म्हणून खाली गेलो. मग पाळी संपली, पण वर यायचं राहूनच गेलं."

"तुमच्या मनात संपलं होतं?"

त्याने चेन गळ्यापर्यंत ओढली.

"नाही," तो म्हणाला. "वाटायचं, एखाद्या दिवशी ही हाक मारील."

"हे बोलण्याने तुमचे किती पैसे जातील, कळतंय ना?"

"कळतंय." आवाजात राग नव्हता. भांडून भांडून माणूस दमतो, तसा तो दमला होता.

फ्रीसनबाई आर्लीनकडे वळल्या. "तुम्हालाही विचारायला हवं. तुमच्या मनात?"

आर्लीनच्या मनात ते पहिल्याच आठवड्यात संपलं होतं. तो खाली गेला, पलंग मोकळा झाला, आणि कित्येक वर्षांनी ती हातपाय पसरून गाढ झोपली. रडली नाही की वाट पाहिली नाही. ताट ठेवायची, कारण एकटीपुरता स्वयंपाक तिला कधी जमलाच नाही. एवढं खरं सांगितलं असतं, तर जागा हातची गेली असती. आणि हा समोर बसलेला म्हातारा, चार वर्षं जिन्याकडे कान लावून राहिलेला, त्याला ते इथे, परक्या बाईसमोर ऐकावं लागलं असतं. खोटं बोललं तर पैसे मिळणार होते, वर त्याला बरंही वाटणार होतं. तिला त्याची दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

"नव्हतं संपलं," ती टेबलाकडे बघत म्हणाली.

"मग ऑक्टोबर लिहिते," फ्रीसनबाई म्हणाल्या.

"लिहा, लिहा!" मायरनने सकाळपासून पहिल्यांदा जॅकेट काढलं आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलं. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. "वकिलाचे पैसे फुकट गेले म्हणायचे."

मग खुर्ची थोडी तिच्याकडे सरकवून तो हळूच म्हणाला, "आर्लीन, आता जागा बघशील ना, ती दोघांना पुरेल अशी बघ."