दोन झाकणं

रंजना आणि तिची धाकटी जाऊ पल्लवी, दोघींच्याही कोपरांवर सोरायसिसचे खवले. बाभुळगावच्या शिबिरात दोघींना नव्या नॅनो मलमाच्या चाचणीत घेतलं. निम्म्या डब्यांत औषध, निम्म्यांत साधं मलम. कोणाच्या वाट्याला काय आलं हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. डब्या हुबेहूब सारख्या, नंबर तेवढा झाकणावर. मलम गार ठेवायचं म्हणून दोन्ही डब्या घरातल्या एकुलत्या फ्रिजात शेजारी शेजारी बसल्या.

दोन महिन्यांत पल्लवीची कोपरं साफ झाली. रंजनाचे खवले जागचे हलले नाहीत. "चला, आपल्या घरात एकीले तं गुण आला," असं ती चारचौघींत म्हणायची, पण पोटात दुखायचं ते दुखायचंच. आज तर पल्लवी लग्नानंतर पहिल्यांदाच अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घालून हळदीकुंकवाला निघाली. रंजनाने आपल्या बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या. जाऊ फाटकाबाहेर पडल्याबरोबर तिने फ्रिज उघडला आणि दोन्ही डब्यांची झाकणं अदलाबदल करून टाकली. मिरव म्हणावं आता.

संध्याकाळी पल्लवी तिळगुळाची पुडी घेऊन आली, ती थेट रंजनाच्या शेजारीच टेकली.



"ताई, डॉक्टरले सांगू नका. माझं तं बरं झालं, पण तुमचं पाहवत नाही मले. म्हणून आज सकाळीच मी दोन्ही डब्यांची झाकणं बदलून ठेवली."