ठकीचा डावा डोळा

"डोळा काढावा लागेल," सर्जन म्हणाली.

टेबलावर टॉवेलात गुंडाळलेली ठकी धापा टाकत होती. मूठभर जीव तो, उंदराच्या जातीची पाळलेली जर्बिल. डावा डोळा वाटाण्याएवढा सुजून बाहेर आला होता. नाकाच्या कडेला लालसर ओघळ सुकला होता.

"आणि नाही काढला तर?" आजींनी विचारलं.

"मग आतला पू पसरेल. फार दिवस काढणार नाही ती."

नात शिकायला परगावी गेली तेव्हा ठकीचा पिंजरा आजींच्या गळ्यात पडला. घरात उंदीर म्हणून त्यांनी आधी नाकं मुरडली, दाणेसुद्धा चिमट्याने टाकले. मग एका दुपारी ठकी मागच्या पायांवर उभी राहून त्यांच्याकडे टकामका बघत राहिली आणि आजी विरघळल्या. तेव्हापासून ती त्यांच्या शालीच्या घडीत झोपायची.

पिंजऱ्यातल्या भुशाची धूळ जाऊन आधी डोळा नुसता लाल झाला होता. भुसा बदलून झाला, मलम लावून झालं. पण ठकी पंजाने खाजवत राहिली आणि जखम चिघळली. घराजवळच्या डॉक्टरांनी हात टेकले. "एवढ्याशा जिवाला भूल सोसायची नाही," ते म्हणाले. "सोसली तरी उड्या मारणारा प्राणी हा. एका डोळ्याने त्याला अंतर कसं कळणार? हाल करण्यापेक्षा शांतपणे झोपवू या." ते वाक्य आजींच्या मनातून जात नव्हतं.

आताही मुलगा शेजारी उभा राहून तेच म्हणत होता. "आई, हट्ट सोड. उंदराचं ऑपरेशन केलं म्हटल्यावर लोक हसतील."

"हसू देत. त्यांना तेवढाच विरंगुळा," आजी म्हणाल्या आणि सर्जनकडे वळल्या. "तुम्ही करा."

दाराच्या काचेतून आजी बघत राहिल्या. ठकीच्या अंगाखाली गरम पाण्याची पिशवी होती. सर्जनने भिंगाचा चष्मा चढवला आणि मान जराशी कलती केली. तिच्या हातांना कसलीच घाई नव्हती. चिमट्याचं टोक आधी हलकेच टेकायचं, मगच पुढे सरकायचं. शेवटी केसाहून बारीक दोरा आला. आजींना हल्ली सुईत दोरा ओवायलाही सून लागायची. इथे तर टाक्यामागून टाका नेमका बसत होता.

मध्येच सर्जनचे हात थांबले. तिने ठकीच्या छातीवर बोट ठेवलं. आजींनी मुलाचं मनगट घट्ट धरलं. मग ते बोट उचललं गेलं आणि हात पुन्हा चालू लागले.

शुद्धीवर आल्यावर ठकी आधी एका कुशीवर कलंडली. पुन्हा उठली. मिशा थरथरवत तिने वास घेतला आणि सूर्यफुलाची बी दोन्ही पंजांत धरून अशी कुरतडायला लागली, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

"खायला लागली म्हणजे जिंकलो," सर्जन म्हणाली.

आजींच्या गालांवरून पाणी ओघळलं. मुलगाही हसला. "आई, माझं ऐकलं नाहीस तेच बरं केलंस."

तरी आजी सर्जनच्या जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, खरं सांगा हं. एका डोळ्याने निभेल का हिचं?"

सर्जनने भिंगाचा चष्मा उतरवून टेबलावर ठेवला.

"सुरुवातीला चुकेल, आपटेल. मग अंदाज येतो," ती म्हणाली. "माझा उजवा डोळा लहानपणीच गेला, आजी. हा दिसतोय तो काचेचा आहे. ठकीचे सगळे टाके मी एकाच डोळ्याने घातलेत."