कालवा उपसला तो आठवडा

“मार्चमध्ये सायकलवरून सहल?” कॅफेवाली जोझेत म्हणाली. “रोलाँ, तुला म्हातारचळ लागलाय. थंडीनं बोटं गळून पडतील तुमची.”

“जन्म गेला या कालव्याच्या काठी, आणि फोंतनेचा मठ काही बघितला नाही आम्ही. लोक कुठून कुठून येतात बघायला.”

“लोक जूनमध्ये येतात.”

रोलाँनं बायकोकडे पाहिलं. हिवाळ्यात आर्लेट शेगडीपासून हलत नसे. ती नाहीच म्हणणार हे धरून त्यानं चार-पाच कारणं पाठ करून ठेवली होती.

“जाऊ या की,” आर्लेट म्हणाली. “उद्याच निघू.”

रोलाँच्या जिवात जीव आला. उद्यापासून कालवा उपसायला घेणार होते.

एकतीस वर्षं त्यानं कालव्याची दारं राखली होती. बोट आली की मागचं दार लावायचं, पाणी चढवायचं, पुढचं दार उघडायचं. डागडुजीसाठी पाणी दर हिवाळ्यात थोडं उतरवत, पण त्याच्या घरापुढचा पट्टा तळापर्यंत कधी रिकामा केला नव्हता. यंदा करणार होते. आणि तिथे, पुलाखालच्या गाळात, एक निळी सायकल होती.

ती तिएरीची. तिएरी म्हणजे रोलाँचा दोस्त, आणि बेचाळीस वर्षांपूर्वी आर्लेटचा प्रियकर. आर्लेटच्या बापाला तो डोळ्यांसमोर नको असे. म्हणून एका पहाटे दोघं आपापल्या सायकलींवरून चौदा किलोमीटरवरचं स्टेशन गाठणार होते आणि पॅरिसची गाडी धरणार होते. हे तिएरीनं विश्वासानं एकट्या रोलाँला सांगितलं. रोलाँचाही आर्लेटवर जीव आहे, याचा त्या बिचाऱ्याला पत्ता नव्हता.

त्या पहाटे रोलाँनं तिएरीच्या अंगणातून सायकल उचलली आणि पुलावरून पाण्यात टाकली. गाडी चुकली. आठवड्याभरात तिएरी एकटाच गाव सोडून गेला, तो पुन्हा फिरकला नाही.

आर्लेट गप्प गप्प असे. त्यातच तिची लाल सायकल बोटवाल्यांनी लांबवलेली. रोलाँनं दोन पगार घालून तिला हिरवी घेऊन दिली. तिथून बोलणं सुरू झालं आणि पुढच्या वर्षी लग्न. तिएरीचं नाव दोघांनीही कधी काढलं नाही.

संसार चांगला झाला. पण ती हसताना दिसली की रोलाँला अजून वाटे, ही आपल्याकडे आली नाही, आपण हिला अडवून ठेवली. आता कळलं तर? या वयात बायका घर सोडून जात नाहीत, असं लोक म्हणतात. रोलाँला तो भरवसा नव्हता. गाळातलं भंगार शुक्रवारी ट्रक घेऊन जाणार होता. तोवर तिला गावाबाहेर ठेवायचं, एवढाच त्याचा बेत होता.

सोमवारी ते निघाले. काठाची वाट सपाट, शिडशिडीत झाडांमधून जाणारी. उजवीकडे पाणी, डावीकडे ओली शेतं. आर्लेट पुढे आणि तो मागे. फोंतनेला त्यांच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. आठशे वर्षांपूर्वी मठातले साधू जिथे लोखंड घडवत, तिथे आर्लेट बराच वेळ उभी राहिली.

“देवाची माणसं आणि हातोडे मारत बसायची,” ती म्हणाली. “त्यांचीही काही पापं असतील.”

रोलाँनं छताकडे बघितलं.

तांलेचा राजवाडा एप्रिलपर्यंत बंद होता. “व्वा! मोठा वाटाड्या मिळालाय मला,” ती म्हणाली. मग फाटकाशीच बसून त्यांनी पाव आणि एपवासचं चीज खाल्लं.

“एव्हाना आपल्याकडचं पाणी काढून झालं असेल, नाही रे?”

“असेल.”

“गाळात वस्तू टिकतात का?”

रोलाँनं हातातला पाव खाली ठेवला. “कसल्या वस्तू?”

“कसल्या नाही. मासे म्हणतेय मी. माशांचं काय करतात?”

“मासे आधीच पकडून दुसरीकडे सोडतात,” रोलाँ म्हणाला. चोराच्या मनात चांदणं. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. तीही कूस बदलत होती, पण गादी वाईट होती.

तोनेरला पोचले आणि गारांचा मारा सुरू झाला. तीन दिवस असंच राहील, असं हॉटेलवाली म्हणाली. आर्लेटचा गुडघा सुजला होता. त्याला राहायचं होतं. राहू या, असं तीही दोनदा म्हणाली. पण गुडघा ऐकेना, आणि तिचा डॉक्टर गावातच होता. गुरुवारी सायकली आगगाडीत चढवून ते परतले आणि स्टेशनपासूनचे चौदा किलोमीटर हळूहळू कापले.

पुलाशी भंगाराची रांग मांडून ठेवली होती. शेगडी, दुधाचे कॅन, एक तिजोरीसुद्धा.

“बघून घ्या आजोबा,” कामगार म्हणाला. “उद्या ट्रक येईल. पुलाखाली दोन सायकली होत्या, एकमेकींत अडकलेल्या. सोडवताना घाम फुटला आम्हाला.”

रोलाँला फक्त एक दिसली. गाळानं निळा रंग जसाच्या तसा ठेवला होता. आता लपवण्यात अर्थ नव्हता, आणि खरं तर त्याला लपवून कंटाळाही आला होता.

“आर्लेट,” तो म्हणाला, “मला तुला काहीतरी सांगायचंय.”

आर्लेट निळ्या सायकलीकडे बघतही नव्हती. दुखऱ्या गुडघ्यानं ती दुसरीपाशी खाली बसली होती आणि अंगठ्यानं दांड्यावरचा चिखल पुसत होती. खालून लाल रंग निघाला.

“थांब, आधी मला सांगू दे,” ती म्हणाली. “बोटवाल्यांना उगाच शिव्या बसल्या, रोलाँ. त्या पहाटे मी तिएरीबरोबर स्टेशनला जाणार होते. पुलापर्यंत आले, आणि मला जायचंच नाही हे कळलं. मग ही मीच पाण्यात टाकली.”