वाकडी मान, सरळ दोरा

तार पुन्हा घसरली. सहावी, सगळ्यात जाड. वरच्या पडद्यांशी पोचली की ती मानेची कड सोडून बाहेर लोंबायची. गोरक्षने गिटार आडवी धरली, एक डोळा मिटला आणि मानेवरून नजर टाकली.

"धड चांगलं आहे," तो म्हणाला. "मान वाकडी बसलीय."

संस्कृती मागून काहीतरी बोलली, मग वळसा घालून त्याच्या समोर येऊन बसली. "परत पाठवू या का, म्हटलं. शनिवारी सोसायटीत कार्यक्रम आहे, पप्पा. मैत्रीण तिची गिटार देते म्हणालीय."

"आपण बनवतोय ना?"

"बनवतोय हो. पण पप्पांनी बनवलेली गिटार वाजवणार म्हणून मी सगळीकडे सांगून बसलेय. नाही झाली तर माझी शोभा."

"तुझी कशाला? माझी होईल. बस गप."

गिटार जोडायच्या किटच्या खोक्यात सुटे भाग होते, एक वायर होती आणि घडीचा एक कागद. कागदावर अक्षर एकही नाही, नुसती चित्रं. प्रत्येक चित्रात तोच टकलू माणूस. गोरक्षला तो कागद पहिल्या दिवसापासून आवडला होता.

*चित्र चौथं. टकलू चार स्क्रू पिळतो. मान धडात बसते. टकलू हसतो.*

चऱ्होलीच्या फ्लॅटमध्ये हसायचं तेवढं राहिलं होतं.

गोरक्षने मानेच्या टोकापासून घोडीपर्यंत पांढरा दोरा ताणला. घोडी म्हणजे तारा टेकतात ती धडावरची पट्टी. दोरा मानेच्या एका कडेला चिकटला, दुसऱ्या कडेला नखभर जागा उरली. त्याने स्क्रू सैल केले, मान आपल्याकडे ओढली, खाचेत एका बाजूला पितळेची पातळ पट्टी सरकवली आणि पुन्हा पिळलं. दोरा सरकला, पण पुरता नाही. घोडीची भोकंच तिरकी पडली होती. ती काड्यांनी आणि फेविकॉलने बुजवून नवी पाडावी लागणार होती.

*चित्र पाचवं. टकलू ड्रिल धरतो.*

टकलूकडे ड्रिल होतं. गोरक्षला ते रंगरावने आणून दिलं. दोघं चाकणला एकाच प्रेसशॉपात, पत्रा ठोकणाऱ्या मशीनवर. रंगरावने दारातूनच दोन बोटं दाखवली, मग मूठ हळूच फिरवली: दोनच भोकं, तीही सावकाश. गोरक्षने होकार दिला.

"बघा," तनुजा चहा देत म्हणाली. "शब्द नाही एक. घरातही मशीनसमोर उभे असल्यासारखे."

"वहिनी, तिथं बोलून काय उपेग? ती मशीन कुणाचं चालू देती?" रंगराव हसला. "आमची ही म्हणती, चपाती तरी तोंडानं मागा."

जाताना तो गोरक्षच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "गावात भजनाला ये की, भावा. तुझ्यामागं मृदंगाला माणूस न्हाई."

"शिफ्ट जुळत नाही."

"माझी जुळती. शिफ्ट तीच हाय."

गोरक्ष खाली वाकून लाकडाचा भुसा गोळा करू लागला.

*चित्र सातवं.*

यात टकलूचा कान डोक्याएवढा काढला होता. हे चित्र गोरक्षने सोडून दिलं. त्याच्याकडे फोन होता. तार छेडली की स्क्रीनवर काटा हलायचा. काटा हिरवा झाला की पुढची खुंटी. काम पटापट झालं.

करपल्याचा वास आला तसा तो धावत स्वयंपाकघरात गेला. तनुजा भाजीची पिशवी घेऊन तेव्हाच दारात पोचली.

"तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा, एवढंच सांगून गेले होते."

"ध्यान नव्हतं."

"ध्यान सगळं त्या मानेत." ती आणखी बोलणार होती, पण संस्कृतीकडे बघून तिने नुसताच कुकर उचलला.

दुसऱ्या दिवशी संस्कृतीने तारांवर बोट फिरवलं. "पाचवी झणझणतेय, पप्पा. वायर लावल्याशिवाय हिचा आवाज डासाएवढा, तरी कळतंय."

गोरक्षने हनुवटी लाकडावर टेकवली आणि तार छेडली. कंपनीतल्या डायचा, म्हणजे प्रेसच्या साच्याचा, बिघाडही तो असाच, तळहात टेकवून ओळखायचा. "व्हय," तो म्हणाला आणि घोडी केसभर उचलली. पुन्हा हनुवटी. "आता बघ."

झणझणणं आता नव्हतं.

*चित्र नववं, शेवटचं. टकलू गिटार वाजवतो. गिटारीतून निघालेली वायर एका खोक्यात गेलीय. खोक्यावर तीन वाकड्या रेघा. शेजारी दुसरा टकलू, खूश.*

शुक्रवारी संध्याकाळी गोरक्षने शेवटचा दोरा ताणला. दोन्ही कडांना सारखी जागा. संस्कृती स्टुलावर बसली. मैत्रिणीकडून आणलेला ॲम्प, गिटारीचा आवाज मोठा करणारा खोका, तिच्या पायाशी होता. तनुजा स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

संस्कृतीची बोटं मानेवर धावू लागली, खालून वर, वरून खाली. गोरक्षचे डोळे सहाव्या तारेवर होते. शेवटच्या पडद्यापर्यंत ती कडेच्या आत राहिली. मग त्याने मुलीच्या पायाकडे पाहिलं. पाय ठेका धरत होता. त्यानेही मांडीवर ठेका धरला. मृदंगाची बोटं होती ती, चुकत नव्हती.

ती थांबली आणि मान वर करून त्याच्याकडे बघत म्हणाली, "फार मोठा होतोय का, पप्पा? खालचे ओरडतील. कमी करू आवाज?"

"मुळीच नको," गोरक्ष म्हणाला. "काय भरदार लागतोय. उद्या असाच ठेव."

तनुजाने भिंतीकडे तोंड फिरवलं. पोरीचं कौतुक तिला आवरत नाही, नेहमीचंच, असं म्हणत गोरक्ष हसला आणि आता याचं काम संपलं म्हणून घडी घालायला त्याने टेबलावरचा कागद उचलला.

कागदाखाली वायर होती. तिचं रबरबँडसुद्धा अजून कुणी काढलेलं नव्हतं.