मशीनबाहेरची सुतळी

“तेवढं दार लावू नका बाई,” ग्यानोबा म्हणाला. डोक्याला, छातीला, पिंढऱ्यांना वायरी लावून घेत तो लातूरच्या त्या दवाखान्यातल्या पलंगावर नवरदेवासारखा ताठ बसला होता.

“किल्लारीकडचे का, काका?” सादियानं विचारलं. झोपेची तपासणी करणारी ही मुलगी भूकंपाच्या वेळी जन्मलीही नव्हती; पण डोक्यावर स्लॅब आला की आधी दाराकडं बघणारी माणसं ती ओळखून होती. तिनं दार उघडंच ठेवलं.

ग्यानोबा क्लासच्या मुलींची व्हॅन चालवायचा. गेल्या आठवड्यात सिग्नलला गाडी थांबली आणि त्याचा डोळा लागला. मागून मुली किंचाळल्या तेव्हा व्हॅन पुढच्या टेम्पोला टेकायच्या बेतात होती. कुणाला खरचटलंही नाही, पण त्यानं आपण होऊन मालकापुढं चावी ठेवली. परक्याच्या लेकी हायत, म्हणाला. झोपेत ह्याचा श्वास थांबत असणार, असा डॉक्टरांना संशय होता. मशीननं ते एकदा पकडलं की उपचार सुरू, आणि बरं वाटलं की चावी परत.

“अन् श्वास थांबला तर?” त्याच्या बायकोनं, भामाबाईनं विचारलं.

“थांबू द्यायचा,” सादिया म्हणाली. “मशीनला तेच तर बघायचंय. काय बी झालं तरी मावशी, त्यांना हात लावायचा न्हाई.”

“ती कशाला हात लावती?” ग्यानोबा हसला. “वरणाला फोडणी देता देता पेंगणारी बाई हाय ती. भितीला टेकली की झोपली.” हा त्याचा आवडता विनोद होता. व्हॅनमधल्या मुलींनासुद्धा पाठ झाला होता. भामाबाईही हसली आणि पलंगाशेजारी खाली सतरंजी अंथरू लागली.

सकाळी सादिया आली ती कपाळाला आठ्या घालूनच. काका रात्रभर सारखे दचकून जागे होत होते. श्वास म्हणावा तसा थांबलाच नव्हता. मशीनच्या लेखी आजार दिसत नव्हता.

ग्यानोबाचा चेहरा उतरला. आजार नसताना जो माणूस सिग्नलला झोपतो, तो नुसता बेफिकीर. त्याच्या हातात लेकरं कोण देणार?

सादिया वायरी काढू लागली. डोक्याच्या निघाल्या, छातीच्या निघाल्या. पायावरची चादर सारली तर डाव्या अंगठ्याला एक उरलीच. तिनं हातात धरून पाहिली. सुतळी होती. पलंगाच्या कडेवरून ती खाली गेली होती आणि तिचं दुसरं टोक सतरंजीवर बसलेल्या भामाबाईच्या मनगटाला बांधलेलं होतं.

“मावशी, ही काय आमची न्हाई.”

“मपली हाय. डब्याच्या पिशवीची. तुमी म्हणला हात लावू नका. म्या हात लावला न्हाई.”

हसावं की रागवावं, सादियाला कळेना. “कवापासून चाललंय हे?”

“भूकंपापासनं,” भामाबाई म्हणाली. “घर बसलं, हे खाली अडकले. समदे म्हणले, संपला गडी. म्या मातीला कान लावला तर आत ह्यांचा श्वास. हितंच उकरा म्हणलं, अन् सापडले. तवापासनं कान तिकडंच हाय. जरा अडकला की ढोसते. घरी कोपरानं, हितं सुतळीनं.”

ग्यानोबा अंगठ्याकडं बघत राहिला. तो फोडणीचा विनोद आपण किती जणांना ऐकवला, हे आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मला का न्हाई सांगितलंस, भामा?”

“सांगितलं असतं तर झोपला असता का तुमी?”

सादियानं नाक पुसलं. “आज पुन्हा करू. डॉक्टरांना मी सांगते. पण मावशी, आज तुम्ही बाहेरच्या बाकावर.”

“अन् ह्यांचा श्वास?”

“मी पलीकडच्या खोलीत बसून मशीनवर बघत असते. रात्रभर. लई वेळ थांबला तर मी येते.”

“तुला डुलकी लागत न्हाई?”

“न्हाई. तेच काम हाय माझं.”

भामाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. मग मनगटाची गाठ सोडली, सुतळी गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. “जरा जोरात वढावी लागती,” ती म्हणाली. सादिया हसली नाही. तिनं सुतळी ॲप्रनच्या खिशात ठेवली.

संध्याकाळी पुन्हा वायरींचा थाट सुरू झाला. अजून निम्म्या लावायच्या होत्या, तोवर बाहेरच्या बाकावरून घोरणं ऐकू आलं. चांगलं दणदणीत. काकांना त्यानं झोप लागायची नाही म्हणून सादिया दार लोटायला उठली.

“राहू द्या बाई उघडं,” ग्यानोबा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “ही घोरती, मला म्हाईतच नव्हतं.”