डाव्या डोळ्यातले थेंब

“काका, डोळ्यातला दाब अजून तीसच्या वरच आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “काचबिंदूने उजवा डोळा गेलाच. डाव्याचं पहिलं ऑपरेशनही टिकलं नाही. आता डोळ्यातलं पाणी वाहून जायला बारीक नळी बसवू. गेलेली नजर परत येणार नाही, पण उरलेली वाचेल. थेंब वेळेवर घालता ना?”

यादवराव मेश्राम मान डोलावणार होते, पण थांबले. “बायको होती तोवर ती घालायची. आता माझा हात थरथरतो. निम्मे थेंब गालावरच पडतात.”

“मग आधी का नाही सांगितलं?”

“सांगायचं म्हणजे ती गेली, हे बोलावं लागलं असतं.”

नळी बसवली. नंतरचे थेंब घालायला डॉक्टरबाईंनी त्यांना सकाळ-संध्याकाळ दवाखान्यातच बोलावलं. नंदा सिस्टर त्यांची हनुवटी अलगद वर करायची, थेंब घालायची आणि डोळे मिटून बसायला सांगायची. मिटल्या डोळ्यांनी यादवराव तिला भंडाऱ्याच्या पोस्टातल्या आपल्या नोकरीतले किस्से सांगायचे. घरी ते ऐकायला कुणीच नव्हतं.

दीड महिन्याने दाब चौदावर आला.

“जिंकलात काका!” सिस्टर हसली. “थेंब बंद. आता एकदम तीन महिन्यांनी यायचं.”

यादवराव खुर्चीवरून उठलेच नाहीत.

“आणि दाब पुन्हा वाढला तर?” त्यांनी जरा आशेनेच विचारलं.

“नाही हो वाढणार,” त्यांच्या खांद्यावर थोपटत ती म्हणाली आणि तिने पुढच्या पेशंटला हाक मारली.